मापनाचा वारसा आणि सूक्ष्म चुंबकत्वाचा वेध

बोरघाटाच्या कड्यावरून खोपोलीकडे उतरणारे प्रचंड नळ हे या गावाचे जणू बोधचिन्ह होऊन बसले आहेत. लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांतील पाणी पाचशे मीटरांहून अधिक खाली येते, पाणचक्क्या फिरविते आणि त्या फिरण्यातून वीज निर्माण होते. टाटांच्या या विद्युत्केंद्रातून १९१५ साली मुंबईकडे वीज वाहू लागली. पुढे कर्जत तालुक्यात भिवपुरीचे केंद्र १९२२ साली, तर भिऱ्याचे १९२७ साली सुरू झाले. शाळकरी मुलांना या केंद्रांची माहिती देताना शिक्षक फॅरडेचे नाव घेतात, वेटोळ्याजवळ चुंबक हलविला की तारेत प्रवाह उत्पन्न होतो हे सांगतात, आणि धडा संपतो. चुंबकत्व हे जणू पुरते उलगडलेले, पाठ्यपुस्तकात बंदिस्त झालेले प्रकरण आहे, असा ग्रह घेऊनच विद्यार्थी वर्गाबाहेर पडतो.

याच रायगड जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, अलिबागच्या समुद्रकिनाऱ्याजवळ, चुंबकत्वाशी निगडित असलेली आणखी एक संस्था १९०४ सालापासून उभी आहे. तेथे वीज निर्माण होत नाही की कोणता माल तयार होत नाही. तेथे पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र मोजले जाते, आणि ते अहोरात्र मोजले जाते. खोपोलीने चुंबकत्व कामाला जुंपले. अलिबागने ते मोजले. समाजाने पहिल्याची आठवण ठेवली, दुसऱ्याची फारशी ठेवली नाही. ही विस्मृती आज महागात पडण्याचा संभव आहे. कारण चुंबकत्वाचे शास्त्र सध्या ज्या वळणावर येऊन ठेपले आहे तेथे उपयोगापेक्षा मापनालाच अग्रमान प्राप्त झाला आहे. मिलिमीटरचा दहालाखावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर. अशा काही नॅनोमीटरांच्या टापूतील चुंबकत्वाचे चित्र काढणारी उपकरणे जगातील प्रयोगशाळांत उभी राहिली आहेत. ती उपकरणे विकत घेणारा देश व्हायचे, की ती घडविणारा देश व्हायचे, हा प्रश्न भारतापुढे आहे. आणि त्याचे उत्तर दिल्ली-मुंबईइतकेच खोपोलीसारख्या गावांतील शाळा-महाविद्यालयांत ठरणार आहे.

या प्रश्नाकडे पाहताना अलिबागच्या वेधशाळेचा पूर्वेतिहास उद्बोधक ठरतो. ईस्ट इंडिया कंपनीने मुंबईत कुलाबा येथे १८२६ साली वेधशाळा स्थापन केली. तेथे १८४१ पासून चुंबकीय वेध घेण्यास आरंभ झाला. ज्या बाळशास्त्री जांभेकरांना मराठी वृत्तपत्रसृष्टीचे जनक म्हणून गौरविले जाते, त्यांनी या वेधशाळेचे संचालकपद भूषविले होते, ही गोष्ट पत्रकारितेच्या इतिहासात ओझरती येते आणि विज्ञानाच्या इतिहासात बहुधा येतच नाही. १८४६ पासून या नोंदी सलग ठेवल्या जाऊ लागल्या. १८५९ च्या सप्टेंबरात सूर्यावरील प्रचंड उद्रेकामुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अभूतपूर्व वादळ उठले. त्या वेळी कुलाब्याच्या उपकरणांनी क्षेत्राच्या क्षितिजसमांतर घटकात सुमारे १,६०० नॅनोटेस्लांची घट नोंदविली. नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे लहान परिमाण होय. रायगड जिल्ह्यात पृथ्वीचे एकंदर क्षेत्र चाळीस हजार नॅनोटेस्लांच्या थोडे वर भरते, म्हणजे हे वादळ किती मोठे होते याची कल्पना येईल. दीडशे वर्षांनंतर त्या वादळाच्या तीव्रतेचा पुन्हा हिशेब मांडू पाहणाऱ्या शास्त्रज्ञांना मुंबईतील ह्याच जुन्या नोंदींचा आधार घ्यावा लागला.

विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर या परंपरेवर संकट आले. मुंबईच्या घोड्यांच्या ट्रामगाड्या काढून विजेच्या ट्राम आणण्याचा बेत ठरला. एकदिश प्रवाहावर चालणाऱ्या ट्रामच्या रुळांतून काही प्रवाह जमिनीत झिरपतो आणि आसपासच्या चुंबकसूचीला चळवितो. कुलाब्याच्या नोंदी त्यायोगे निरुपयोगी झाल्या असत्या. वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी यावर जो मार्ग काढला तो आजही मननीय आहे. ट्राम नको, असा आग्रह धरला गेला नाही; वेधशाळा मोडा, असेही कोणी म्हटले नाही. मुंबईपासून दक्षिणेस सुमारे तीस किलोमीटरवर अलिबागेस नवी वेधशाळा बांधण्यात आली. पोरबंदरचा दगड आणि लोखंडाऐवजी तांबे-पितळ अशा चुंबकत्वहीन सामग्रीचा बांधकामात कटाक्षाने वापर झाला. त्यानंतर १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेण्यात आले. जुन्या जागेची नोंद आणि नव्या जागेची नोंद यांची सांगड घातली गेली, आणि मगच कुलाब्याचे चुंबकीय काम थांबले. १९०७ साली मुंबईत विजेची ट्राम धावू लागली. शहराला वाहन मिळाले, विज्ञानाची मालिकाही खंडित झाली नाही.

ही दोन वर्षे सरकारी हिशेबात उधळपट्टी वाटली असती तर नवल नव्हते. एकाच गोष्टीची दोनदा मोजदाद कशासाठी, असा शेरा मारणारा अधिकारी कोणत्याही काळात सापडतो. परंतु मापनशास्त्राचे मर्म नेमके तेथेच आहे. एका उपकरणाचे बोलणे दुसऱ्याशी ताडून पाहिल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवता येत नाही. जे मोजायचे आहे ते जितके क्षीण, तितके भोवतालचे मौन अधिक हवे, हे त्यातील दुसरे तत्त्व. हीच दोन तत्त्वे आज नॅनोमीटरांच्या जगात नव्याने उभी ठाकली आहेत.

चुंबकाच्या अंतरंगाकडे आता वळू. लोखंडाचा साधा खिळा चुंबकासारखा वागत नाही, पण चुंबक जवळ आणताच तो त्याकडे धावतो. असे का व्हावे? फ्रेंच शास्त्रज्ञ पियेर वाइस यांनी १९०७ साली, म्हणजे मुंबईत विजेची ट्राम आली त्याच वर्षी, याचा उलगडा केला. लोखंडाच्या आत असंख्य सूक्ष्म प्रांत असतात. प्रत्येक प्रांतातील अणू एका दिशेने तोंड करून उभे असतात, पण निरनिराळ्या प्रांतांच्या दिशा निरनिराळ्या असल्याने त्यांचा एकत्रित परिणाम बाहेर शून्यवत होतो. हा सिद्धांत सुंदर होता, परंतु हे प्रांत कोणी पाहिले नव्हते. १९३१ साली फ्रान्सिस बिटर यांनी घासून गुळगुळीत केलेल्या चुंबकीय पृष्ठभागावर लोहभस्माची अतिसूक्ष्म पूड द्रवात मिसळून पसरली. प्रांतांच्या सीमांवर क्षेत्र बाहेर झिरपत असल्याने पूड तेथे गोळा झाली आणि सूक्ष्मदर्शकाखाली सीमारेषा दिसू लागल्या.

या युक्तीचा भाऊबंद पोलादाच्या कारखान्यात पाहावयास मिळतो. घडविलेल्या पोलादी भागाला चुंबकत्व देऊन त्यावर लोहपूड टाकतात. डोळ्यांना न दिसणारी चीर असेल तर तेथून क्षेत्र बाहेर निसटते, पूड त्या रेषेवर जमते आणि दोष उघडा पडतो. पोलाद आणि नळ्यांच्या उद्योगाशी खोपोली-खालापूरच्या कामगारांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा परिचय आहे. त्यांतील जो तपासनीस ही कसोटी घेतो तो नकळत बिटर यांच्याच मार्गाने चालत असतो. चुंबकत्व डोळ्यांना दिसत नाही. ते जेथे बाहेर झिरपते तेथे काही तरी धरावे लागते, आणि त्या धरलेल्या वस्तूवरून अंतरंगाचा कयास बांधावा लागतो. पुढील सारा इतिहास म्हणजे ही धरावयाची वस्तू उत्तरोत्तर लहान आणि तरल होत गेल्याचा इतिहास होय.

ही लहान मापाची चिकित्सा सृष्टीशीही निगडित आहे. ज्या काळ्या फत्तरातून बोरघाटाचा रस्ता आणि लोहमार्ग खोदून काढला, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा थिजलेला थर आहे. लाव्हा थंड होताना त्यातील लोहयुक्त खनिजांचे कण तत्कालीन पृथ्वीच्या क्षेत्राच्या दिशेने चुंबकित झाले आणि ती दिशा त्यांनी जपून ठेवली. लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी दख्खनच्या या खडकांतील चुंबकत्व मोजून १९५६ साली असे निष्कर्ष प्रसिद्ध केले की, हे खडक थिजले तेव्हा भारतभूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेस होती. खंडे सरकतात हे म्हणणे त्या काळी अनेकांना अग्राह्य वाटत होते. सह्याद्रीच्या दगडाने त्याच्या बाजूने साक्ष दिली. ही साक्ष सर्वांत निष्ठेने कोण जपते? मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढे किंवा त्याहूनही लहान कण, कारण इतक्या लहान कणात एकच प्रांत मावतो आणि त्याची दिशा सहसा ढळत नाही. खोपोलीच्या विद्यार्थ्याच्या पायाखालचा दगड हा नॅनोमीटरांच्या मोजमापाचाच विषय आहे.

तबकडीवर माहिती साठविणाऱ्या संगणकांचीही गोष्ट तीच. खालापूरच्या शेतकऱ्याचा सातबारा आज संगणकात असतो. अशा नोंदी ज्या चुंबकीय तबकड्यांवर साठविल्या जातात त्यांवर एकेक अक्षर म्हणजे काही नॅनोमीटरांच्या दशकांत मोजावे अशा चुंबकित ठिपक्यांची रांग असते. तबकडी गरगर फिरत असताना केवळ काही नॅनोमीटर उंचीवरून तरंगणारे वाचक-अग्र ते ठिपके वाचते. या वाचनाला बळ देणारा शोध आल्बेर फेर आणि पेटर ग्रुनबर्ग यांनी स्वतंत्रपणे १९८८ च्या सुमारास लावला आणि त्यांना २००७ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. कचेरीतील कारकुनाच्या हाताखाली असलेले यंत्र हे क्षीण चुंबकत्व मोजण्याच्या कलेवर उभे आहे, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे हा विषय कोणाला परका वाटण्याचे कारण उरत नाही.

आता मूळ उपकरणाकडे येऊ. १९८० नंतरच्या दशकात झुरिकच्या आय.बी.एम. प्रयोगशाळेत बिनिग आणि रोहरर यांनी अणुमात्र टोकाची सुई पृष्ठभागालगत फिरवून अणूंची चित्रे काढली. १९८६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्याच वर्षी सुईचा पृष्ठभागाशी असलेला बलसंबंध मोजणारे दुसरे उपकरण प्रसिद्ध झाले. १९८७ साली मार्टिन आणि विक्रमसिंघे यांनी या सुईला चुंबकत्वाची जोड दिली. केसाहूनही बारीक अशा लवचिक पट्टीच्या टोकावर अणकुचीदार शिखर असते आणि त्यावर चुंबकीय धातूचा पातळ लेप असतो. पट्टी थरथरत ठेवून तिला पदार्थाच्या पृष्ठावरून ओळीओळीने फिरवितात. प्रथम पृष्ठभागाचे चढउतार टिपतात. मग शिखर काही नॅनोमीटर वर उचलून तीच ओळ पुन्हा चालतात. या दुसऱ्या फेरीत चढउतारांचा प्रभाव मावळतो आणि उरते ते चुंबकीय ओढ-ढकलीचे चित्र. पट्टीच्या पाठीवर लेसरचा किरण पडतो आणि तिचे अत्यल्प वाकणे परावर्तित किरणाच्या सरकण्यावरून कळते.

अलिबागच्या जुन्या उपकरणांची ज्याला माहिती असेल त्याला येथे एक ओळखीची खूण पटेल. तेथेही टांगलेल्या चुंबकाला आरसा जोडलेला असे. त्यावरून परावर्तित झालेला प्रकाशाचा ठिपका सरकत्या छायाचित्रण-कागदावर रेघ उमटवीत असे. चुंबक क्षणमात्र वळला की रेघ वळे. शतकापूर्वी वितीने मोजता येणारी वस्तू आज नॅनोमीटरांवर आली, तरी प्रकाशाच्या किरणाला काट्याचे काम देण्याची कल्पना तीच आहे. नव्या विज्ञानाची मुळे अशी जुन्या कार्यशाळेत असतात.

इतके जवळ जाण्याचा हा सायास कशासाठी? याचे उत्तर एका साध्या गणितात आहे. लहान चुंबकाचे क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात कमी होते. अंतर दसपट झाले की क्षेत्र हजारपटीने घटते. एका इलेक्ट्रॉनच्या चुंबकत्वाचेच उदाहरण घ्या. त्याच्या अक्षावर दहा नॅनोमीटर अंतरावर त्याचे क्षेत्र सुमारे १,८५० नॅनोटेस्ला भरते. शंभर नॅनोमीटर अंतरावर तेच दोन नॅनोटेस्लांच्याही खाली येते. कुलाब्याच्या सूच्यांना १८५९ साली ज्या वादळाने हादरविले, त्याच्या तोडीचे क्षेत्र एक एकटा इलेक्ट्रॉन निर्माण करू शकतो; अट इतकीच की, मोजणारा त्याच्यापासून दहा नॅनोमीटरांवर जाऊन बसला पाहिजे. सामर्थ्य सर्वत्र आहे, सान्निध्य दुर्मिळ आहे.

परंतु सान्निध्याचा दोषही आहे. चुंबकीय शिखर स्वतःच चुंबक असल्याने ते ज्याचे चित्र काढावयाचे त्यालाच ढवळून काढते. नाजूक प्रांतांच्या सीमा त्याच्या स्पर्शाविनाच हलतात. परीक्षकाच्या धाकाने विद्यार्थ्याचे उत्तर बदलावे, तसा हा प्रकार होय. शिवाय मोजले जाते ते बल. त्यावरून क्षेत्र किती, हे सांगावयाचे तर शिखराचे स्वरूप नेमके ठाऊक असावे लागते, आणि प्रत्येक शिखर वेगळे असते. म्हणूनच अलीकडच्या काळात दोन निराळ्या वाटा पुढे आल्या. पहिली अतिवाहकाची. इस्राएलच्या वाइझमन संस्थेतील संशोधकांनी काचेसारख्या क्वार्ट्‌झची नळी ओढून तिच्या टोकावर पन्नास नॅनोमीटरांहून लहान व्यासाचे अतिवाहक कडे बसविले. २०१३ साली त्यांनी दाखविले की, हे कडे एका इलेक्ट्रॉनच्या चुंबकत्वाची दखल घेण्याइतके संवेदनशील असते. मात्र त्याला द्रवरूप हेलियमची कडाक्याची थंडी लागते.

दुसरी वाट हिऱ्याची. हिऱ्याच्या स्फटिकात कार्बनच्या एका अणूच्या जागी नायट्रोजनचा अणू आला आणि त्याच्या शेजारची जागा रिकामी राहिली, की एक विलक्षण दोष निर्माण होतो. जवाहिऱ्याच्या दृष्टीने तो दोष, शास्त्रज्ञाच्या दृष्टीने तो जगातील अत्यंत लहान चुंबकमापक. त्यावर हिरवा प्रकाश टाकला की तो तांबडा प्रकाश देतो. विशिष्ट सूक्ष्म लहरी सोडल्या की हा तांबडा प्रकाश मंदावतो. आणि कोणत्या कंपनसंख्येला तो मंदावतो हे भोवतालच्या चुंबकीय क्षेत्रावर अवलंबून असते. एका नॅनोटेस्लाच्या फरकाने ही कंपनसंख्या सुमारे २८ हर्ट्‌झने सरकते. हे प्रमाण निसर्गानेच ठरविलेले असल्याने एका हिऱ्याचे माप दुसऱ्या हिऱ्याशी जुळते. २००८ साली दोन गटांनी अशा एकेका दोषाने सूक्ष्म क्षेत्रे मोजून दाखविली, आणि नंतरच्या काही वर्षांत हिऱ्याचीच सुई करून ती पृष्ठावर फिरविण्यात आली. हे सारे नेहमीच्या तापमानाला होते, आणि ज्याचे चित्र काढावयाचे त्यास हा मापक जवळजवळ ढवळत नाही. मात्र प्रकाशाचे कण मोजत एकेका बिंदूवर थांबावे लागत असल्याने चित्र पुरे होण्यास वेळ लागतो. सोय आणि सत्य यांची किंमत येथेही चुकवावीच लागते.

या नव्या वाटेवर महाराष्ट्राने पाऊल टाकले आहे, ही समाधानाची बाब आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये सहा हजार तीन कोटींहून अधिक रुपयांचे राष्ट्रीय क्वांटम अभियान मंजूर केले, आणि त्यातील संवेदन व मापन या विभागाचे केंद्र पवई येथील आय.आय.टी.कडे सोपविले. तेथील प्रा. कस्तुरी साहा यांच्या गटाने हिऱ्यातील याच दोषांच्या आधारे चुंबकीय क्षेत्राचे चित्र टिपणारा सूक्ष्मदर्शक विकसित केला आहे. त्यात एका सुईऐवजी हिऱ्याच्या पातळ थरातील असंख्य दोष एकदम उजळवून कॅमेऱ्याने चित्र घेतात. म्हणजे तो सुईइतका बारीक पाहत नाही, पण मोठा टापू झटकन पाहतो. संगणकाच्या चिपमधून वाहणारे प्रवाह न फोडता पाहण्यासाठी अशा उपकरणाचा विकास करण्याचा करार २०२४ साली टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस आणि ही संस्था यांच्यात झाला. त्याआधी, गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत, पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात प्रा. सी. व्ही. धर्माधिकारी यांनी सुईच्या सूक्ष्मदर्शकाची बांधणी स्वदेशी सामग्रीतून केली होती. हाताने उपकरण घडविण्याची ही परंपरा अल्प असली तरी निःसंशय आहे.

तथापि एका गोष्टीकडे डोळेझाक करून चालणार नाही. देशातील प्रयोगशाळांत सुईचे सूक्ष्मदर्शक आता दुर्मिळ राहिलेले नाहीत, परंतु त्यांतील बहुतेक परदेशी बनावटीचे आहेत. उपकरण आणताना अनुदान मिळते, समारंभ होतो, छायाचित्रे निघतात. पुढे एखादा भाग बिघडला की दुरुस्तीसाठी परदेशी तंत्रज्ञाची वाट पाहावी लागते, आणि त्या काळात संशोधकाच्या पदवीची वर्षे सरतात. उपकरणाच्या किमतीला तरतूद असते. ते चालविणाऱ्या कुशल माणसाच्या वेतनाला तरतूद नसते. काच ओढणारा, निर्वात पोकळी राखणारा, बारीक यांत्रिक काम करणारा कारागीर प्रयोगशाळेच्या पगारपत्रकात शेवटच्या ओळीत असतो. वास्तविक सुईचे टोक त्याच्याच बोटांतून उतरत असते.

यावर काहीजण असा आक्षेप घेतील की, पाणी, रस्ते आणि शाळांची छपरे यांचा प्रश्न सुटलेला नसताना एका इलेक्ट्रॉनचे क्षेत्र मोजण्याची चैन कशाला? आक्षेप प्रामाणिक आहे, पण अपुरा आहे. १९०४ साली अलिबागेस वेधशाळा बांधली गेली तेव्हा दारिद्र्य आणि साथी यांचे थैमान आजच्याहून फार अधिक होते. त्या वेळी ठेवलेली नोंद आज उपग्रह, वीजवाहिन्या आणि दळणवळण यांना चुंबकीय वादळांपासून असलेल्या धोक्याचा अंदाज घेण्यास कामी येते. मापनाचे फळ ते पेरणाऱ्याच्या हयातीत मिळतेच असे नाही. विकत मिळत असता घडविण्याचा खटाटोप कशाला, असा दुसरा आक्षेप येतो. खोपोलीचे उदाहरणच त्याचे उत्तर आहे. जी यंत्रे येथे आणली गेली त्यांनी दीर्घकाळ वीज दिली. परंतु ती समजून घेऊन त्याहून सरस यंत्रे रचण्याची विद्या त्यांच्याबरोबर आपोआप येथे उतरली नाही. विद्या यंत्राच्या पेटीतून येत नाही, ती कार्यशाळेत कमवावी लागते.

यातून काही ठोस मागण्या निष्पन्न होतात. पहिली, राष्ट्रीय अभियानाच्या निधीतील निश्चित हिस्सा उपकरणे खरेदी करण्यापेक्षा ती घडविणाऱ्या कार्यशाळांवर आणि कायम नेमणुकीच्या तंत्रज्ञांवर खर्च व्हावा, आणि त्याचा हिशेब दरसाल प्रसिद्ध व्हावा. दुसरी, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून सूक्ष्म उपकरणांची देखभाल, निर्वात तंत्र आणि प्रकाशीय जुळणी यांचे शिक्षण द्यावे. खोपोली-खालापूर पट्ट्यात पोलाद आणि यंत्रकामाची उपजत हातोटी आहे, पवई आणि नवीन पनवेल येथील भूचुंबकत्व संस्था येथून लोहमार्गाने वा रस्त्याने जवळ आहेत. अशा ठिकाणी हे शिक्षण रुजणे स्वाभाविक आहे. तिसरी, शाळेतील प्रयोगशाळेला पुन्हा हात लागला पाहिजे. लोहकीस आणि कागद, टांगलेली सूची आणि आरसा यांचे प्रयोग पुस्तकातील आकृतीवरून गुण मिळविण्यासाठी उरता कामा नयेत. ज्या मुलाने सूची किती अंशांनी वळली याची नोंद आठवडाभर ठेवली आहे, त्याला नॅनोमीटर समजावून सांगण्यास वेळ लागत नाही. चौथी, अलिबागेसारख्या वेधशाळांभोवतीची शांतता जपण्यासाठी नगररचनेने सावध असावे. मौन ही सुद्धा सार्वजनिक मालमत्ता आहे. एकदा गेली की ती विकत मिळत नाही.

शेवटी प्रश्न स्वभावाचा आहे. मोजणे हे काम निरस मानले जाते; हजेरीपत्रकासारखे किंवा खतावणीसारखे. शिक्षक आणि कारकून यांना मात्र हे ठाऊक असते की, नोंद काटेकोर असेल तरच न्याय काटेकोर होतो. कुलाब्याच्या वेधशाळेत रात्रीच्या प्रहरी सूचीकडे पाहून आकडे लिहिणाऱ्या अनामिक निरीक्षकांना आपण इतिहास लिहीत आहोत हे ठाऊक नव्हते. सांगितलेले काम त्यांनी चोख केले, म्हणून १८५९ चे वादळ आज जगाला कळते. घाटाच्या नळांतून उतरणारे पाणी खोपोलीत वीज देते. त्या विजेवर जळणाऱ्या दिव्याखाली जो विद्यार्थी बसला आहे त्याच्या हाती अशीच एखादी सूची, अशीच एखादी वही आणि ती चोख ठेवण्याचा धीर देणे, हे समाजाचे देणे आहे. ते फेडले, तर हिऱ्याच्या टोकावरील पुढचा चुंबकमापक कोणी घडविला, या प्रश्नाच्या उत्तरात एखादे मराठी नाव येणे अशक्य नाही.